‘कळलं’ म्हटल्याशिवाय भात नाही

अजूनही पानावर बसलो की पहिला घास घेण्याआधी माझा हात जरा थांबतो. घरातल्यांना वाटतं, म्हातारा मनात काही श्लोकबिक म्हणतोय. नातवंडं तर मला बघून डोळे मिटून घेतात आणि एका डोळ्यानं लाडू कुणाला मोठा वाढला ते पाहतात. म्हणतबिणत मी काही नाही. मला आपली जुनी धास्ती वाटते, की आता आतून अक्का विचारणार, ‘‘आज काय शिकलास रे?’’ आणि मी आज काहीच शिकलेलो नसणार.

ही प्लेग यायच्या थोडी आधीची गोष्ट. मी कोकणातून कॉलेज शिकायला मुंबईला आलो आणि गिरगावात मुगभाटातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहिलो. दोन खोल्या आणि पुढं गॅलरी. राहणारे आम्ही सहा विद्यार्थी, स्वयंपाकाला अक्का, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर अक्काचे धाकटे भाऊ. त्यांना आम्ही प्रिन्सिपॉल म्हणायचो. आम्ही थट्टेनं म्हणायचो आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. त्यातली गंमत अशी, की आमचे प्रिन्सिपॉल स्वतः बी.ए. नापास होते. किती वेळा, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आम्ही मिसरूड फुटलेली पोरं, ते चाळिशीला टेकलेले, पण दर वर्षी दिवाळी झाली की आमच्यातल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांबरोबर त्याच हॉलमध्ये त्याच परीक्षेला बसायचे. जाताना रस्त्यात आम्हाला धीर द्यायचे. कसला धीर, कपाळ!

मी पहिल्यांदा त्या चाळीचा जिना चढलो तेव्हा डोक्यावर वळकटी होती, हातात ट्रंक होती, आणि आगबोटीत सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. दारावर एक पाटी होती, खडूनं लिहिलेली : ‘येथे जेवणाआधी शिकवावे लागते.’ मला वाटलं, इथं कुणी शिकवण्या घेतं. दारात एक उंच, वाळका गृहस्थ उभा होता. काळा अल्पाकाचा कोट, त्यावर शाईचा डाग, आणि घरात असूनही काखेत छत्री. ही छत्री त्यांनी उघडलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. भर पावसात ती काखेत मारून भिजत यायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, ‘‘उघडली तर भिजेल ना!’’

‘‘आगबोटीनं आलास?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘आगबोट लोखंडाची. खिळा पाण्यात बुडतो. मग बोट का बुडत नाही?’’

माझ्या पोटात कावळे कोकलत होते, हातातली ट्रंक खांद्याला रग लावत होती, आणि हा मनुष्य मला वाटेत अडवून खिळा विचारतो. मी म्हटलं, ‘‘मॅट्रिकला हे नव्हतं.’’

तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, ‘‘अरे, लेकराला आत तरी येऊ दे!’’ स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापलीकडे अक्का बसली होती. तांबडं आलवण, डोक्यावरून पदर, पन्नाशीची बाई. नवव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती तिथलीच झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या घंगाळात चुलीपुढचा एक खिळा टाकला, तो बुडाला. मग पितळेची परात अलगद ठेवली, ती तरंगली. परात हातानं जरा दाबून ती म्हणाली, ‘‘बघ. परात किती पाणी बाजूला सारत्ये. तेवढ्या पाण्याचं वजन परातीपेक्षा जास्त झालं की पाणी तिला वर लोटतं. खिळा बिचारा सारून सारून किती सारणार? कळलं?’’

‘‘कळलं,’’ मी म्हणालो.

‘‘मग ये जेवायला. आज पाहुणा आहेस म्हणून मी सांगितलं. उद्यापासून तू सांगायचं.’’

तर हा आमच्या बिऱ्हाडाचा नियम. दिवसभर कॉलेजात जे शिकलात त्यातली एक तरी गोष्ट दिवेलागणीला उंबरठ्याशी बसून अक्काला मराठीत समजावून सांगायची. अक्का आतून तांदूळ निवडत नाहीतर नारळ खवत ऐकणार. तिनं ‘कळलं’ म्हटलं की तुमचं पान मांडलं. नाही म्हटलं तर पुन्हा सांगा. आणि अक्का उगीच ‘कळलं’ म्हणणाऱ्यातली नव्हती. आमच्यातला लठ्ठ गोपाळ गणितातला मोठा हुशार, पण भुकेला कच्चा. तो घाईघाईनं सांगायचा आणि शेवटी अगदी काकुळतीला येऊन म्हणायचा, ‘‘अक्का, एवढ्यावर भागव ना!’’ अक्का म्हणायची, ‘‘भात अजून व्हायचाय. सांग सावकाश.’’ भात झालेला असायचा. वास यायचा ना!

प्रिन्सिपॉलांचं एक ठाम मत होतं, ‘‘ज्याला सांगता येत नाही त्याला आलेलं नाही, त्याचं नुसतं पाठ आहे.’’ हे ते बसता-उठता म्हणायचे, आणि ‘कळलं?’ हा प्रश्न तर त्यांच्या जिभेवर बसलेलाच. न्हाव्यापुढे डोकं दिलेलं असताना ते त्याला रोमचं साम्राज्य कसं बुडालं ते सांगायचे. न्हावी वस्तरा थांबवून ऐकायचा, आणि प्रिन्सिपॉल अर्धी हजामत झालेले तसेच उठून यायचे, कारण पुढचं पुस्तकात पाहायचं राहिलेलं असायचं. ट्राममध्ये बसले की ट्रामच्या घोड्यांना दम का लागतो ते शेजारच्याला समजावून सांगायचे, आणि त्याला कळेपर्यंत त्याच्याबरोबर त्याच्या मुक्कामाला उतरायचे. मग तिथून गिरगावपर्यंत चालत परत!

एकदा वरळीची एक कोळीण चाळीच्या तोंडाशी टोपली टेकून जरा विसावली होती. प्रिन्सिपॉलांनी तिला गाठलं. समुद्राला भरती का येते हे त्यांनी तिला सांगायला घेतलं. समुद्र ज्यांच्या अंगणात त्यांना समुद्र शिकवायला निघाले, म्हणजे बघा! चंद्र पाणी ओढतो, मग पाणी फुगतं, वगैरे सगळं झालं. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. बाईनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘चांद एकच हाय ना? मंग भरती दिसाला दोनदा का येते वो?’’

प्रिन्सिपॉलांनी डोक्यावरची पगडी काढली, हातात धरली आणि म्हणाले, ‘‘बाई, मला येत नाही.’’ मग दोन दिवस कॉलेज नाही, पेज नाही, नुसती पुस्तकं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून काखेत छत्री मारून ते वरळीच्या कोळीवाड्यापर्यंत पायी गेले, सुकत घातलेल्या मासळीच्या ओळींतून विचारत विचारत त्या बाईचं घर शोधलं, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचं पाणीही का फुगतं ते तिला सांगून आले. येताना तिनं त्यांना सुके बोंबील दिले. आता शिष्येनं दिलेली दक्षिणा नाकारायची कशी? ते घेऊन आले! अक्कानं त्यांना जिन्यातच थांबवलं. ‘‘मेल्या, सोवळ्याच्या घरात हे काय आणलंस? तू शिकवलंस ते मला कळलं, पण हे नाही कळायचं.’’ शेवटी खालच्या मजल्यावरच्या गिरणीवाल्या मालवणकरांच्या चुलीवर ते गेले आणि आमच्या चाळीत प्रिन्सिपॉलांचं नाव आठवडाभर फार आदरानं घेतलं गेलं.

ह्या सगळ्याचा आमच्या अभ्यासावर व्हायचा तो परिणाम झालाच. गोपाळनं कॉलेजच्या परीक्षेत तरंगणाऱ्या वस्तूंवर उत्तर लिहिताना इंग्रजीत लिहून टाकलं, ‘अक्काच्या परातीप्रमाणे’. गोऱ्या प्रोफेसरसाहेबानं त्याला बोलावून विचारलं, हा अक्का नावाचा ग्रंथकार कोण, आणि त्याचा ग्रंथ लायब्ररीत आहे काय? गोपाळ म्हणाला, ‘‘सर, तो ग्रंथ अजून चालू आहे.’’ साहेबानं म्हणे मान डोलावली. मला तेव्हा हसू आलं होतं. आता तसं हसू येत नाही.

पण मी तुम्हाला प्रिन्सिपॉल नापास का व्हायचे ते सांगायचं विसरलो. तसं पाहिलं तर आमच्यातल्या कुणापेक्षाही त्यांना जास्त येत होतं. परीक्षेला सहा प्रश्न, वेळ तीन तास. प्रिन्सिपॉल पहिला प्रश्न लिहायला घेत. लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढं अक्का. हे तिला कळेल का? मग एक उदाहरण. त्यावर ती अमुक विचारील. मग त्याचं उत्तर. मग त्या उत्तरावर तिची शंका. तीन तासांनी घंटा व्हायची तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं झालेलं असायचं, की पाच वर्षांच्या पोराला समजावं, आणि बाकीचे पाच प्रश्न कोरे. एकदा मी चिडून म्हटलं, ‘‘अहो, पण पुढं का जात नाही?’’ तर ते निरागसपणे म्हणाले, ‘‘कुणी ‘कळलं’ म्हणतच नाही रे तिथं.’’

त्यांचे थोरले बंधू गावी असायचे. सगळे त्यांना दादा म्हणत. अक्का वयानं मोठी, पण तीही दादाच म्हणायची. शेतीभाती त्यांच्याकडे. बिऱ्हाडाचे तांदूळ, नारळ, कोकम सगळं त्यांच्याकडून आगबोटीनं यायचं. त्या वर्षी श्रावणात त्यांचं पत्र आलं. प्रिन्सिपॉलांनी ते अक्काला वाचून दाखवलं, आम्ही सगळे बाहेर ऐकत होतो. मजकूर चार ओळींचा : ह्या खेपेला तू पास झालास तर ठीक. नाही झालास तर बिऱ्हाड मोडायचं, अक्काला घेऊन गावी यायचं, आणि पुन्हा परीक्षेचं नाव काढायचं नाही. तसा शब्द दे. प्रिन्सिपॉलांनी उलटटपाली शब्द देऊन टाकला. देणारच. दादांनी इतकी वर्षं पोसलं होतं.

त्या संध्याकाळी शिकवायची पाळी माझी होती. मी चंद्रग्रहण सांगितलं. अक्कानं नेहमीसारख्या शंका काढल्या नाहीत. नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘कळलं रे. पण मी गावी गेले ना, की हे मला कोण सांगणार? तिथं माजघरात माझ्याशी लोक दोनच गोष्टी बोलतात. काय झालंय, आणि काय व्हायचंय. स्वयंपाकाचं!’’ एवढं बोलून ती उठली आणि पानं मांडली. आम्हा कुणाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. गोपाळलासुद्धा नाही, म्हणजे काय ते समजा.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सहा जणांनी कंबर कसली. प्रिन्सिपॉलांना पास करायचंच! त्यांना प्रश्न घालायचा, समोर घड्याळ ठेवायचं, आणि अर्धा तास झाला की गोपाळनं थाळी बडवायची. थाळी वाजली की पुढचा प्रश्न. पण ते थाळी ऐकून नुसती मान वर करायचे, ‘‘झालंच, झालंच,’’ म्हणायचे आणि पुन्हा पहिल्याच प्रश्नात खाली जायचे. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्याकडे रोज आरती असते.

ह्यातच मी एक घोळ करून ठेवला. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात श्रमांचे दोन प्रकार दिले होते, उत्पादक आणि अनुत्पादक. मी मोठ्या ऐटीत अक्काला सांगायला बसलो. सुतार खुर्ची करतो, ती राहते, ते श्रम उत्पादक. गवई गातो, गडी झाडतो, आचारी रांधतो, त्यातून मागं काही उरत नाही, ते श्रम अनुत्पादक. माझ्या तोंडून ‘आचारी’ बाहेर पडला आणि गोपाळनं डोळे मिटून घेतले. पण वेळ टळून गेली होती.

अक्काची विळी थांबली. ‘‘आचारी रांधतो त्यातून काय उरत नाही?’’

‘‘म्हणजे अक्का, अन्न लगेच नाहीसं होतं ना, म्हणून.’’

‘‘नाहीसं कुठं होतं? तुझ्या पोटात जातं. तू उठून वही लिहितोस. ती वही राहते ना?’’

‘‘राहते, पण...’’

‘‘आणि तो तुझा सुतार. तो जेवून येतो की उपाशी?’’

मी पुस्तक उघडलं. पुस्तकात सुतार जेवून येतो की नाही ते दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘अक्का, मोठमोठ्या विलायती पंडितांचं हे मत आहे.’’

‘‘असेल. त्यांचा स्वयंपाक कोण करतं ते विचार त्यांना. मला नाही कळलं.’’

मी तीन संध्याकाळी प्रयत्न केला. तिन्ही संध्याकाळी ‘नाही कळलं’. नियमाप्रमाणे मला भात नाही. आणि प्रिन्सिपॉलांचा आणखी एक नियम, की ज्याचं अक्काला कळलं नाही त्याच्याबरोबर त्यांनीही जेवायचं नाही. आम्ही दोघं गॅलरीत भिंतीला टेकून बसायचो. खालून गॅसचे दिवे लावत जाणारा माणूस दिसायचा. मग अक्का दोन वाट्या पुढं सारायची, दहीपोह्यांच्या. ‘‘हे जेवण नव्हे,’’ ती बजावायची. ‘‘पोहे पोटाला. जेवण उद्या, कळल्यावर.’’ चौथ्या दिवशी मी शरण गेलो आणि इंद्रधनुष्य सांगितलं. श्रमांचा धडा तसाच लोंबकळत राहिला. प्रिन्सिपॉल मात्र त्यावर विचार करत होते, हे मला त्यांच्या गप्प बसण्यावरून समजायला हवं होतं.

परीक्षा आठवड्यावर आली आणि थाळीचा काही उपयोग होईना, तेव्हा अक्कानंच तोड काढली. एका सकाळी तिनं त्यांना उंबरठ्याशी बोलावलं आणि त्यांच्या ओंजळीत सहा सुपाऱ्या टाकल्या.

‘‘हे काय?’’

‘‘ही माझी सहा ‘कळलं’ आहेत. आगाऊ. तिथं कुणी म्हणत नाही ना? मी इथूनच म्हणून ठेवलंय. सहाही उजव्या खिशात घाल. एक प्रश्न अर्धा तास लिहिलास, की एक सुपारी डाव्या खिशात टाकायची. टाकलीस की समज, अक्काला कळलं. मग पुढचा प्रश्न. मागं वळून बघायचं नाही. समजलं?’’

प्रिन्सिपॉल त्या सुपाऱ्यांकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘अक्का,’’ ते म्हणाले, ‘‘हे मला इतकी वर्षं का सुचलं नाही?’’

‘‘तू हुशार आहेस म्हणून,’’ अक्का म्हणाली.

आणि सांगतो तुम्हाला, सुपाऱ्यांनी कमाल केली! पहिल्या दिवशी हॉलमध्ये माझ्यापुढं दोन बाकांवर ते होते. अर्ध्या तासानं त्यांचा हात उजव्या खिशात गेला, डाव्यात गेला, आणि त्यांनी पान उलटलं. मला माझं उत्तर सोडून उभं राहून ओरडावंसं वाटलं. सहाही प्रश्न! दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी सहा. घरी आल्यावर ते डावा खिसा अक्कापुढं रिकामा करायचे, ती सुपाऱ्या मोजून पुन्हा त्यांच्या हातात द्यायची. गोपाळनं तर शेवटच्या दिवशी श्रीखंड करायचं अक्काकडून कबूल करून घेतलं.

शेवटचा पेपर अर्थशास्त्राचा. मी प्रश्नपत्रिका उघडली. प्रश्न दुसरा : उत्पादक आणि अनुत्पादक श्रम ह्यांतला भेद उदाहरणांसह स्पष्ट करा. मी पुढं पाहिलं. प्रिन्सिपॉलांनी पहिला प्रश्न संपवला, एक सुपारी डावीकडे टाकली. दुसरा वाचला. उजव्या खिशात हात घातला. हात तिथंच राहिला. फार वेळ राहिला. मग त्यांनी तो रिकामाच बाहेर काढला, दौतीत टाक बुडवला, आणि मान खाली घालून जे लिहायला लागले ते घंटा होईपर्यंत. मी काय केलं? मी मुकाट्यानं पुस्तकातलं उत्तर लिहिलं. सुतार, गवई, आचारी. अक्षरसुद्धा बदललं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

घरी येताना प्रिन्सिपॉल माझ्यापुढं चालत होते. दारात अक्का उभी होती. त्यांनी डावा खिसा तिच्यापुढं रिकामा केला. एक सुपारी.

‘‘बाकीच्या पाच?’’

त्यांनी उजव्या खिशातून काढून दाखवल्या आणि परत तिथंच ठेवल्या.

‘‘गाढवा!’’ अक्काचा आवाज चढला. ‘‘मी दिली होती ना ‘कळलं’? मोजून दिली होती ना?’’

‘‘ह्याला दिलं नव्हतंस,’’ प्रिन्सिपॉल म्हणाले. ‘‘तो श्रमांचा प्रश्न होता. त्याला तू तीनदा ‘नाही कळलं’ म्हणालीस. मग मी सुपारी कशी टाकणार? खोटं झालं असतं.’’

अक्का आत गेली. त्या दिवशी तिनं कुणालाच काही विचारलं नाही आणि सगळ्यांना श्रीखंड वाढलं. प्रिन्सिपॉलांना दोनदा. ते फार गोड झालं होतं आणि पानांवर तसंच राहिलं.

निकालाच्या याद्या लागल्या. मी पास, प्रिन्सिपॉल एका विषयात नापास. आणि एका रविवारी सकाळी दादा आगबोटीनं येऊन हजर झाले. गोरेपान, भारदस्त, कपाळाला गंध, बोलणं तोडून टाकल्यासारखं. आल्या आल्या त्यांनी दोन ट्रंका बाहेर ओढायला लावल्या. ‘‘मंगळवारच्या बोटीनं निघायचं,’’ म्हणाले. प्रिन्सिपॉल ‘हो’ म्हणाले आणि पुस्तकं बांधायला बसले. आम्हाला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी पंगत बसली. दादा पहिल्या पाटावर. अक्कानं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी सगळं वाढलं. भाताचं पातेलं घेऊन उंबरठ्याशी आली आणि तिथंच थांबली. पातेल्यातून वाफ येत होती. दादांनी हातात पाणी घेतलं, थोडं थांबले, आणि म्हणाले, ‘‘वाढ ना.’’

‘‘वाढते. आधी सांग.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘दारावरची पाटी वाचलीस ना? हे बिऱ्हाड का मोडायचं, ते मला समजावून सांग. मला कळलं की भात.’’

दादांनी प्रिन्सिपॉलांकडे पाहिलं. ‘‘ही काय थेरं आहेत रे?’’

‘‘दादा, नियम आहे,’’ प्रिन्सिपॉल खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘तुम्हाला एकट्याला नाही. सगळ्यांनाच आहे.’’

‘‘लहानपणीही हेच!’’ दादा आमच्याकडे वळून म्हणाले. ‘‘हा शाळेतून आला की स्वयंपाकघरात जाऊन हिला धडा सांगायचा. हिला कळला तर ही त्याला गुळाचा खडा द्यायची. वडिलांनी दोघांना कितीदा रागे भरलं. मोठी झाली तरी खोड गेली नाही.’’

मी गोपाळकडे पाहिलं, गोपाळनं माझ्याकडे. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, हा नियम आमच्या अभ्यासासाठी आहे.

‘‘तू कधी सांगितलं नाहीस, दादा,’’ अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ‘‘तू शाळेतून यायचास. मी विचारायची, आज काय शिकलास? तू म्हणायचास, तुला काय करायचंय? आज सांग.’’

दादा जरा गोंधळले. ‘‘ह्यानं मला शब्द दिलाय.’’

‘‘ह्यानं दिला. मी कुठं दिला? नाही कळलं.’’

‘‘गावात लोक हसतात. चाळिशीचा घोडा आणि परीक्षेला बसतो!’’

‘‘लोकांना हसू येतं म्हणून मी ट्रंक भरू? नाही कळलं.’’

‘‘अगं, भात निवतोय!’’

‘‘निवू दे. सावकाश सांग.’’

गोपाळच्या तोंडून एक बारीक आवाज आला. तो हुंदका होता की हसू होतं ते त्यालाही ठाऊक नसेल. दादांनी हातातलं पाणी पानाबाहेर सोडलं. चेहरा लाल झाला होता. आणि मग एकाएकी त्यांचा बांध फुटला.

‘‘अगं, तुझ्यावाचून घर चालत नाहीये तिथं! आमची ही पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलीये. सुनांचं एकमेकींशी पटत नाही. पानं कधी पडतील त्याचा नेम नाही. गडी उपाशी शेतावर जाऊन जाऊन कंटाळले, दोघं काम सोडून गेले. खालचा मळा पडून आहे माझा! कुणाला सांगू मी हे?’’

अक्का पुढं वाकली.

‘‘म्हणजे मी रांधलं नाही, तर मळा पिकत नाही?’’

‘‘कसा पिकेल? नाहीच पिकत!’’

‘‘आता कळलं,’’ अक्का म्हणाली.

तिनं दादांच्या पानावर भात वाढला. मूद, वर वरण, वर तुपाची धार. मग प्रिन्सिपॉलांकडे वळून म्हणाली, ‘‘ऐकलंस ना? तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दादानं दिलंय.’’

प्रिन्सिपॉल पानावरून उठले. भर पंगतीतून, वाढलेलं पान सोडून! खुंटीवरच्या कोटाच्या उजव्या खिशात त्यांनी हात घातला, एक सुपारी काढली आणि डाव्या खिशात टाकली. मग पुन्हा येऊन पाटावर बसले.

‘‘वहिनीसाठी मी येते,’’ अक्का दादांना म्हणाली. ‘‘ती उठून बसेपर्यंत. मग परत. आणि हे बिऱ्हाड मोडायचं नाही. हे तुला कळलं का?’’

दादा जेवत होते. फार भूक लागली होती त्यांना. मान वर न करताच ते म्हणाले, ‘‘कळलं.’’

अक्का शिमग्याला परत आली, वहिनी बऱ्या झाल्यावर. मधले दिवस स्वयंपाक प्रिन्सिपॉलांनी केला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पण त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग शिरला, चाळी ओस पडल्या, आणि आम्ही सगळे मिळेल त्या बोटीनं आपापल्या गावी पांगलो. ते बिऱ्हाड पुन्हा भरलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी एका हायस्कुलाचा हेडमास्तर झालो आणि कामानिमित्त त्यांच्या गावाकडे गेलो. ओटीवर पंधरा-वीस पोरं बसली होती, त्यांत चार मुली. मध्ये प्रिन्सिपॉल, काखेत छत्री. आणि अक्का दाराआड नव्हती, पोरांच्या पुढं चौरंगावर बसून ऐकत होती. खूप म्हातारी झाली होती. मी विचारलं, ‘‘प्रिन्सिपॉल, बी.ए.चं काय केलंत?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, तो पेपर त्या रविवारीच झाला की.’’

जेवायची वेळ झाली. मी पानावर बसलो. अक्का काठी टेकत उंबरठ्याशी आली, डोळे बारीक करून तिनं मला ओळखलं, आणि विचारलं, ‘‘आज काय शिकलास रे?’’

मी हेडमास्तर. त्या दिवशी मी तीन वर्ग तपासले होते, दोन भाषणं ठोकली होती. मी आठवून आठवून पाहिलं. एक गोष्ट सांगता येईना.

अक्का आत गेली, आणि माझ्यापुढं दहीपोह्यांची वाटी ठेवली. प्रिन्सिपॉल आपल्या पानावरून उठले, माझ्या शेजारी येऊन बसले, आणि त्यांनी आतल्या बाजूला हात पुढं करून स्वतःसाठीही एक वाटी मागितली.